अनोळखी पोवळ्याचें नांव

(नभोवाणीवरील भाषण)

पोवळें म्हटलें कीं मराठी घरांत प्रथम आठवते ती सराफाची पेटी. मंगळाच्या पीडेवर उपाय म्हणून बोटांत घातलेलें तांबडें रत्न, वैद्याच्या बटव्यांतील प्रवाळभस्म, नवरत्नांच्या मालिकेंतील मोत्याशेजारचें स्थान, एवढ्यावर बहुतेकांची पोवळ्याशीं ओळख संपते. हें रत्न एके काळीं जिवंत प्राण्यांच्या शरीराचा आधार होतें, त्या प्राण्यांना तोंड होतें, पोट होतें, भक्ष्य धरण्यासाठीं इवलाले हात होते, हें शाळेंत शिकविलेलें असतें. परंतु शाळेंत शिकविलेल्या पुष्कळ गोष्टींप्रमाणें तेंहि परीक्षेनंतर मागें पडतें.

गेल्या कांहीं वर्षांत मात्र हा प्राणी जिवंत स्वरूपांत शहरांतील घरांत येऊन राहूं लागला आहे. रंगीत मासे पाळण्याचा छंद मुंबईला नवा नाहीं. १९५१ सालीं मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलें आणि समुद्राच्या पोटांतील सृष्टि कांचेआडून पाहण्याची गोडी कित्येक मुलांना तेथेंच लागली. घरांत खाऱ्या पाण्याची टांकी ठेवणें ही त्याच छंदाची वरची, आणि पुष्कळ अधिक खर्चाची, पायरी होय. येथें समुद्र घरींच तयार करावा लागतो. गाळून शुद्ध केलेल्या पाण्यांत क्षार मोजून मिसळावयाचे, पाण्याची सापेक्ष घनता १.०२५ च्या आसपास ठेवावयाची, आणि उष्णता सेंटिग्रेडच्या २६-२७ अंशांपलीकडे जाऊं द्यावयाची नाहीं. मुंबईच्या वैशाखांत ही शेवटची अट पाळूं गेलें म्हणजे विजेचें बिल घरधनिणीच्या डोळ्यांवर आल्यावांचून राहत नाहीं.

वडाळा आणि शीव यांच्या दरम्यान असलेल्या अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतींत, दोन खोल्यांच्या एखाद्या बिऱ्हाडांत अशी एक टांकी आहे असें समजावें. पूर्वेकडे थोड्या अंतरावर शिवडीचा चिखलाचा किनारा, जेथें हिंवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात; पश्चिमेकडे, सारें शहर ओलांडलें म्हणजे, वरळीचे आणि हाजी अलीचे काळे खडक. या दोहोंच्या मध्यें हा तीन फूट लांबीचा कांचेचा समुद्र. त्यांत मालकानें सहा महिन्यांपूर्वीं एका मऊ पोवळ्याबरोबर आलेला खडबडीत दगड ठेविलेला आहे. एके दिवशीं सकाळीं त्या दगडाच्या कपारींत हरभऱ्याएवढें, तपकिरी रंगाचें, मध्यें हिरवट छटा असलेलें कांहीं तरी उगवलेलें दिसतें. घरांतील आजीबाईंना तें शेवाळ वाटतें, नातीला फूल वाटतें, शेजारचे गृहस्थ "कीड दिसते, खरवडून टाका" म्हणून सांगतात, आणि दुकानदार भ्रमणध्वनीवर पाठविलेलें चित्र पाहून क्षणाचाहि विचार न करतां एक भपकेदार इंग्रजी नांव देऊन मोकळा होतो. चौघांत दुकानदाराचें उत्तर सर्वांत कमी उपयोगाचें. आजीबाई चुकल्या असतील, पण निदान ती वस्तु पाहून तरी बोलल्या.

शिवाय आजीबाईंची चूक ही फार मोठमोठ्यांनीं केलेली चूक आहे. इटलीचे काउंट मार्सिली यांनीं १७०६ मध्यें भूमध्य समुद्रांतून नुकतेंच काढलेलें तांबडें पोवळें समुद्राच्याच पाण्यानें भरलेल्या भांड्यांत ठेविलें. कांहीं वेळानें त्याच्या फांद्यांवर आठ आठ पाकळ्यांचीं पांढरीं फुलें उमललीं, आणि पाण्याबाहेर काढतांच तीं मिटलीं. पोवळें ही वनस्पति आहे याचा पुरावा सांपडला, असें मार्सिलींनीं मोठ्या आनंदानें युरोपांतील विद्वानांस कळविलें. पुढें मार्सेयचे वैद्य पेसोनेल यांनीं तींच फुलें अधिक चिकाटीनें न्याहाळलीं. स्पर्श होतांच तीं आखडतात, पाणी शांत झाल्यावर पुन्हा पसरतात, हें पाहून तीं फुलें नसून प्राणी आहेत असा निर्णय त्यांनीं दिला. तो १७२७ च्या सुमारास पॅरिसच्या विज्ञानसभेपुढें गेला, तेव्हां रेओम्यूर या नामांकित शास्त्रज्ञानें, या वेडगळ कल्पनेबद्दल पेसोनेल यांचा उपहास होऊं नये म्हणून, त्यांचें नांवच गाळून टाकलें! त्र्यांब्ले यांनीं १७४० नंतर हायड्रा नांवाच्या गोड्या पाण्यांतील प्राण्यावर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले, तेव्हां कोठें विद्वानांचें मत फिरलें. तोंवर पेसोनेल दूर वेस्ट इंडीजमधील ग्वादलूप बेटावर वैद्यकी करीत होते.

मार्सिली आणि पेसोनेल यांच्यासमोर वस्तु एकच होती. एकानें तिचा आकार पाहिला, दुसऱ्यानें तिची वागणूक पाहिली. अँटॉप हिलच्या गृहस्थालाहि पहिले आठ-पंधरा दिवस एवढेंच करावयाचें आहे. तो जीव सकाळीं कसा दिसतो, दिवे गेल्यावर कसा दिसतो, खाद्याचा वास पाण्यांत पसरला म्हणजे काय करतो, जवळून मासा गेला तर आखडतो कीं नाहीं, हें वहींत तारखेवार टिपून ठेवावें. पुष्कळ पोवळीं रात्रींच पुरतीं उघडतात. दिवसां काढलेल्या चित्रावरून त्यांचें नांव ठरविणें म्हणजे झोंपलेल्या माणसाच्या पाठीवरून त्याचा स्वभाव सांगण्यासारखें आहे.

जातीच्या नांवाकडे वळण्यापूर्वीं आणखी एक प्रश्न सोडवावा लागतो: हें पोवळें तरी आहे काय? खाऱ्या पाण्याच्या टांकींत आपोआप उगवणाऱ्या पाहुण्यांत ऐप्टेझिया नांवाचें लहान समुद्रफूल सर्वांत अधिक आढळतें. कांचेसारखी पारदर्शक तपकिरी काया, लांब टोंकदार शुंडा, आणि जरा धक्का लागतांच दगडाच्या भोकांत नाहींसें होण्याची संवय, हीं त्याचीं लक्षणें. शेजाऱ्यांचा सल्ला मानून हें खरवडलें तर मोठीच फसगत होते, कारण त्याच्या तळाचा जो तुकडा मागें राहील त्यांतून नवा प्राणी उभा राहतो. रक्तबीजाची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हें अधिक सांगावयास नको.

तो जीव समुद्रफूल नाहीं असें दिसलें तर त्याच्या शुंडा मोजाव्या. भिंगांतून पाहून, शांतपणें, दोनदां मोजाव्या. ज्याच्या प्रत्येक पॉलिपाला बरोबर आठ शुंडा असतात आणि प्रत्येक शुंडेला पिसासारखे बारीक फांटे असतात, तो अष्टशुंडी कुटुंबांतला. सराफाचें तांबडें पोवळें याच कुटुंबांतलें. मार्सिलींनीं पाहिलेल्या आठ पाकळ्या त्या याच. मऊ, चामड्यासारखीं पोवळीं आणि समुद्रपंखेहि येथेंच येतात. ज्यांच्या शुंडा साधारणतः सहाच्या पटींत असतात तें दुसरें कुटुंब. समुद्रांत मोठमोठे खडक बांधणारीं दगडी पोवळीं त्यांत मोडतात. मोजणी पुढेंहि उपयोगीं पडते. गोनिओपोरा आणि अल्व्हिओपोरा हीं दोन पोवळीं पाण्यांत डोलतांना बहिणी-बहिणींसारखीं दिसतात. परंतु पहिल्याच्या पॉलिपाला शुंडा चोवीस, दुसऱ्याच्या बारा. विकत घेतांना गोंधळणारा मनुष्य घरीं येऊन पांच मिनिटें मोजील तर गोंधळ मिटेल.

शुंडांनंतर सांगाड्याकडे वळावें. दगडी पोवळ्याचा प्रत्येक पॉलिप चुन्याच्या एका लहानशा पेल्यांत बसलेला असतो. पेल्याच्या भिंतीपासून मध्याकडे पातळ उभे पडदे गेलेले असतात. ते किती, सारख्या उंचीचे कीं लहानमोठे, त्यांच्या कडा गुळगुळीत कीं दांतेरी, मध्यें खांबासारखा उंचवटा आहे कीं नाहीं, दोन पेले एकच भिंत वांटून घेतात कीं प्रत्येकाची भिंत निराळी, यांवर शास्त्रज्ञांची सारी भिस्त. ॲक्रोपोरा या फांद्याळ पोवळ्याच्या प्रत्येक फांदीच्या टोंकावर एक स्वतंत्र पेला असतो. त्याच्याच जवळचा नातेवाईक जो माँटिपोरा, त्याला तो नसतो. हे भेद एकदां पाहिले म्हणजे विसरत नाहींत.

येथें छंदी मनुष्यापुढें खरी अडचण उभी राहते. सांगाडा नीट दिसावा म्हणून संग्रहालयांतील शास्त्रज्ञ नमुना रसायनांत बुडवून त्यावरचें मांस काढून टाकतात. घरच्या टांकींतल्या प्राण्याचें नांव कळावें म्हणून त्याचा जीव घेणें कोणाला रुचेल? यावर उपाय म्हणजे वाट पाहणें. एखादा भाग आपोआप मेला, फांदी मोडली, तर तो तुकडा धुऊन, वाळवून, चिठ्ठी लावून ठेवावा. जिवंत प्राण्याला पुढेंमागें नांव मिळेल तें बहुधा त्या मेलेल्या तुकड्यामुळें.

सांगाडा म्हणजे शेवटचा शब्द असेंहि नाहीं. युफिलिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पोवळ्यांत एका जातीच्या शुंडांचीं टोंकें नांगरासारखीं वळलेलीं, तर दुसरीच्या शुंडांना बेडकाच्या अंड्यांच्या पुंजक्यासारख्या गांठी. जिवंतपणीं लहान मूलहि त्या दोन ओळखील. वाळलेले सांगाडे समोर ठेविले तर तज्ज्ञहि थांबतो. म्हणजे एके ठिकाणीं मांस फसवितें आणि सांगाडा खरें बोलतो, दुसऱ्या ठिकाणीं याच्या उलट. गुणसूत्रांतील द्रव्याची परीक्षा केली म्हणजे सारे प्रश्न सुटतील अशी आशा कित्येकांस होती. तिनें पुष्कळ जुने घोळ निस्तरले हें खरें. पण पोवळ्यांच्या पेशींतील मायटोकाँड्रियांतलें द्रव्य इतक्या मंद गतीनें बदलतें कीं इतर प्राण्यांत सहज चालणारी परीक्षा येथें जवळच्या जातींना वेगळें काढूं शकत नाहीं.

रंगाविषयीं तर बोलावयासच नको. पोवळ्याच्या मांसांत सूक्ष्म शैवल राहतें, आणि प्रकाशांत चमकणारीं कांहीं प्रथिनेंहि असतात. प्रकाश कमीअधिक झाला, पाण्यांतील क्षारांचें प्रमाण ढळलें, कीं हिरवें पोवळें तपकिरी होतें आणि तपकिरी जांभळें. दुकानांतून निळ्या दिव्याखालीं जें निखाऱ्यासारखें धगधगत होतें, तें घरच्या पांढऱ्या उजेडांत ओल्या बदामासारखें दिसूं लागतें. आकाराचीहि तीच गत. टर्बिनेरिया नांवाचें पोवळें मंद उजेडांत ताटासारखें पसरतें, भरपूर उजेडांत कोबीच्या पानांसारखें मुरडतें. जुन्या शास्त्रज्ञांनीं अशा एकेका जातीला तीन तीन, चार चार नांवें देऊन ठेविलीं, यांत नवल नाहीं.

व्यापारांतील नांवें हा एक निराळाच अध्याय आहे. हापूसच्या मोसमांत मुंबईच्या बाजारांत प्रत्येक पेटी देवगडची असते. कोठलाहि आंबा घ्या, तो देवगडहूनच आलेला! पोवळ्यांच्या बाजारांतहि थोडा चमकदार ठिपका दिसला कीं इंद्रधनुष्य, ज्वाळा, राक्षस असल्या अर्थाचीं इंग्रजी नांवें चिकटतात आणि किंमत दुप्पट होते. हीं नांवें रंगाचीं असतात, जातीचीं नसतात. शास्त्रीय नांवेंहि स्थिर राहत नाहींत ही गोष्ट निराळी. ऑस्ट्रेलियाहून येणारें जें मांसल, रंगीबेरंगी पोवळें कित्येक वर्षें ॲकँथॅस्ट्रिया लॉर्डहाउएन्सिस म्हणून विकलें गेलें, तें २०१६ मध्यें मायक्रोमुसा या प्रजातींत गेलें. वर सांगितलेल्या युफिलियांपैकीं नांगरासारख्या आणि बेडकाच्या अंड्यांसारख्या शुंडांचीं पोवळीं २०१७ मध्यें फिंब्रियाफिलिया झालीं. नांव बदललें म्हणून शास्त्रावर रागावणारे छंदी लोक पुष्कळ भेटतात. पण शास्त्रांतील नांव कां बदललें, कोणत्या पुराव्यानें बदललें, हें लिहून ठेविलेलें असतें आणि कोणालाहि तपासतां येतें. दुकानांतील नांवाला असा आगापीछा नसतो.

म्हणून वहींत नांव लिहितांना जेवढें ठरलें तेवढेंच लिहावें. प्रजाति निश्चित झाली आणि जाति झाली नाहीं, तर "गोनिओपोरा, जाति अनिश्चित" असें लिहिण्यांत कांहीं कमीपणा नाहीं. मोठमोठ्या संग्रहालयांच्या नोंदींत अशा चिठ्ठ्या हजारोंनीं सांपडतात. चुकीचें पूर्ण नांव एकदां वहींत चढलें कीं तें दुसऱ्याच्या वहींत जातें, तेथून तिसऱ्याच्या. आणि दहा जणांनीं लिहिलें म्हणून अकरावा तें खरें मानतो.

असल्या चुकीची किंमत कधीं कधीं फार मोठी असते. गॅलेक्झिया हें पोवळें दिवसां लहान लहान ताऱ्यांचा गुच्छ वाटतें. रात्रीं त्याच्या कांहीं शुंडा वीतभर लांब होतात आणि शेजारच्या पोवळ्यांस दंश करून मारतात. तें न ओळखतां दाटीवाटीनें ठेविलें तर महिन्याभरांत त्याच्या भोंवतीं पांढऱ्या सांगाड्यांचें कडें पडतें. हें नुकसान टांकीपुरतें झालें. झोअँथिड नांवाच्या प्राण्यांची गोष्ट घरांतल्या माणसांपर्यंत पोहोंचते. हे प्राणी दिसावयास लहान गुंड्यांसारखे, कडेला शुंडांच्या दोन ओळी, आंत सांगाडा नाहीं. त्यांपैकीं पॅलिथोआ या प्रजातींतले आपल्या अंगांत वाळूचे कण रुतवून घेतात, म्हणून त्यांचा देठ खरखरीत लागतो. हवाई बेटांतील अशाच एका प्राण्यापासून मूर आणि शॉयर या रसायनशास्त्रज्ञांनीं १९७१ मध्यें पॅलिटॉक्सिन नांवाचें विष वेगळें काढलें. निसर्गांत आढळणाऱ्या अत्यंत जहाल विषांत त्याची गणना होते. सर्वच झोअँथिडांत तें नसतें, असलें तरी सारख्या प्रमाणांत नसतें, आणि वरवर पाहून विषारी कोणता व निरुपद्रवी कोणता हें सांगतां येत नाहीं. परदेशांत कित्येक छंदी लोकांनीं असे नको झालेले प्राणी मारण्यासाठीं दगडावर उकळतें पाणी ओतलें, दगड शिजविला, किंवा जोरानें घासला. त्या वाफेनें आणि तुषारांनीं घरांतील माणसें ताप, खोकला व श्वासाच्या त्रासानें रुग्णालयांत गेलीं. अँटॉप हिलच्या दोन खोल्यांत स्वयंपाकघर आणि टांकी यांमध्यें अंतर तें किती असणार? ज्याची ओळख पटलेली नाहीं असा प्राणी असलेला दगड उकळूं नये, उघड्या हातानें घासूं नये, आणि हातावर जखम असतां टांकींत हात घालूं नये. शेजाऱ्यांनीं कितीहि आग्रह केला तरी.

भारतांत या ओळखीला आणखी एक बाजू आहे, ती कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ज्या पहिल्या परिशिष्टांत वाघ आहे, त्याच परिशिष्टांत २००१ मध्यें सर्व दगडी पोवळीं, काळीं पोवळीं, समुद्रपंखे, बाजाच्या नळ्यांसारखें दिसणारें ट्युबिपोरा आणि अंगाला लागतांच आग करणारें मिलेपोरा यांचा समावेश झाला. यांपैकीं मिलेपोरा शास्त्राच्या दृष्टीनें खरें पोवळेंच नव्हे, तें हायड्राच्या गोतांतलें. ट्युबिपोरा आठ शुंडांचें, मऊ पोवळ्यांचा भाऊबंद. तरी दोघांनाहि संरक्षण आहे. उलट चामड्यासारखीं साधीं मऊ पोवळीं त्या यादींत नांवानें नव्हतीं. म्हणजे भिंगाखालीं शुंडा मोजणें आणि सांगाडा चांचपणें हें येथें केवळ कुतूहल राहत नाहीं. त्यावर एखादी वस्तु घरांत ठेवणें हा छंद कीं गुन्हा हें ठरूं शकतें. परदेशांतून येणाऱ्या दगडी पोवळ्यांवर आंतरराष्ट्रीय व्यापारकराराचें बंधन आहे, आणि कायद्यांत २०२२ मध्यें झालेल्या दुरुस्तीनें त्या करारांतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीची जबाबदारी टाकली. नोंदणीच्या कागदावर शास्त्रीय नांव लागतें. तेथें "ज्वाळा" किंवा "इंद्रधनुष्य" लिहून भागत नाहीं. दुकानदार "हें मऊच आहे, काळजी नको" म्हणाला, ही सबबहि फारशी टिकण्यासारखी नाहीं. बोटाला पेल्याची कठीण कड लागली कीं संशय धरावा आणि वनखात्याला विचारावें.

हें सारें परक्या समुद्रांतील पोवळ्यांविषयीं झालें. मुंबईच्या स्वतःच्या पोवळ्यांकडे मात्र बराच काळ फारसें कोणाचें लक्ष नव्हतें. एवढ्या गढूळ, गाळानें भरलेल्या पाण्यांत पोवळें कसलें जगतें, असाच सर्वसाधारण समज. मालवणच्या समुद्रांत पोवळीं आहेत हें ठाऊक होतें. तेथें १९८७ मध्यें सागरी अभयारण्यहि जाहीर झालें. पण हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणाऱ्या वाटेवरून भरतीओहोटी पाहत रोज हजारों लोक गेले, आणि बाजूच्या खडकांवर काय आहे हें पाहणारे थोडेच निघाले. २०१७ पासून "मरीन लाइफ ऑफ मुंबई" या नांवानें कांहीं नागरिक ओहोटीच्या वेळीं किनाऱ्यांवर लोकांच्या फेऱ्या नेऊं लागले. गिरगांव, हाजी अली, वरळी, वांद्रे येथील खडकांत काय काय सांपडतें याचीं छायाचित्रें तारीख व स्थळ यांसह नोंदलीं जाऊं लागलीं. झोअँथिड तर विपुल निघालेच; त्यांच्या शेजारीं लहान लहान पेल्यांचीं दगडी पोवळींहि निघालीं.

इतक्यांत, २०१८ मध्यें, मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंतच्या सागरी किनारा मार्गाचें काम सुरू झालें. भराव पडणार तो याच खडकांच्या पट्ट्यांत. तपासणी झाली, तेव्हां वरळीस रायझँजिइडी कुलांतील आणि हाजी अलीस डेंड्रोफिलिइडी कुलांतील पोवळीं असल्याचें नोंदलें गेलें. हीं नांवें जातींचीं नव्हेत, कुलांचीं आहेत. आणि तज्ज्ञांनींहि जेथें थांबावयाचें तेथें थांबून तेवढेंच सांगितलें. तरी तेवढें पुरेसें ठरलें. कुल दगडी पोवळ्यांचें, म्हणून पहिलें परिशिष्ट लागू. परिशिष्ट लागू, म्हणून परवानगीवांचून हात लावतां येईना. २०२० च्या अखेरीस राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखालीं पोवळ्यांच्या १८ वसाहती खडकांसह उचलून कांहीं कुलाब्याच्या नेव्हीनगरच्या किनाऱ्यावर, तर कांहीं हाजी अलीजवळच सुरक्षित जागीं बसविण्यांत आल्या. साऱ्यांचें क्षेत्रफळ मिळून अर्धा चौरस मीटरहि भरलें नाहीं. एक लहान चौरंग मांडावयास लागते तेवढी जागा! अब्जावधि रुपयांच्या मार्गाला तेवढ्या जागेसाठीं केंद्र सरकारची परवानगी मागावी लागली. तीं पोवळीं हलविण्यापेक्षां मार्गच हलवावयास हवा होता असें म्हणणारेहि होते, आणि त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. खडकावर जन्मलेला प्राणी दुसरीकडे बसविणें ही कांहीं रोपटें उपटून लावण्यासारखी गोष्ट नाहीं. पण ते पेले कोणी ओळखलेच नसते, तर त्यांच्याविषयीं वाद होण्याचाहि प्रश्न नव्हता. खडकावरच्या असंख्य खरखरीत खवल्यांपैकीं एक म्हणून ते भरावाखालीं गेले असते.

या दोन कुलांतील अनेक पोवळीं आपल्या अंगांत शैवल बाळगीत नाहींत. सूर्यप्रकाशावर न विसंबतां तीं शुंडांनीं पाण्यांतील बारीक जीव पकडून खातात, आणि म्हणून मुंबईच्या गढूळ पाण्यांतहि त्यांचें चालतें. छंदी लोकांस ज्ञात असलेलें नारिंगी सूर्यपोवळें, म्हणजे ट्यूबॅस्ट्रिया, डेंड्रोफिलिइडी कुलांतलेंच. त्याला कितीहि भारी दिवे लावले तरी उपयोग नसतो. पॉलिपांना हातानें खाऊं घालावें लागतें. हें कुल न ओळखल्यामुळें लख्ख प्रकाशांत उपाशी मेलेलीं सूर्यपोवळीं थोडीं नसतील.

किनाऱ्यावर जाऊन ज्यांना हे पेले प्रत्यक्ष पाहावयाचे असतील त्यांनीं अमावास्या किंवा पौर्णिमेच्या सुमाराची मोठी ओहोटी धरावी, रबरी तळव्याचे जोडे घालावे, आणि खडकांच्या सांवलीच्या बाजूस, कपारींत पाहावें. पाय जपून टाकावा. हात लावूं नये, कांहीं उचलूं तर मुळींच नये. कायद्याचें बंधन किनाऱ्यावरहि तेंच आहे. छायाचित्र घेतांना शेजारीं मापपट्टी धरावी, एक चित्र सरळ वरून आणि एक बाजूनें घ्यावें, पेल्यांतील पडदे दिसतील असें तिसरें घ्यावें, आणि रंग बदलणारी कोणतीहि करामत चित्रावर करूं नये. घरच्या टांकींतल्या प्राण्याचें चित्र काढतांनाहि हेच नियम. फक्त निळे दिवे मालवून पांढऱ्या उजेडांत काढावें, आणि एक चित्र प्राणी मिटलेला असतां, एक उघडलेला असतां घ्यावें. चित्राबरोबर तारीख, ठिकाण आणि ओहोटीची वेळ लिहावी. टांकी असेल तर तो दगड कोठून व केव्हां आला हें लिहावें. दुकानदाराला ठाऊक नसेल तर तसें लिहावें. खडकांतला एखादा सुटा दगड पाहण्यासाठीं उलटला असेल तर परत येण्यापूर्वीं तो होता तसा पालथा घालावा, कारण त्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या जीवांना ऊन सोसत नाहीं.